गच्चीवर फुलपाखरांसाठी कोणत्या औषधी वनस्पती लावाव्यात? (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

आमचं घर नाशिकला, मखमलाबादच्या बाजूला. दुमजली घर आहे, वर मोकळी गच्ची. पूर्वेला आणि दक्षिणेला काही आडवं येत नाही, त्यामुळे सकाळपासून तीन-साडेतीनपर्यंत चांगलं ऊन असतं. पश्चिमेला कठड्याला लागूनच दुसऱ्यांची द्राक्षबाग आहे. वारा भरपूर. एप्रिल-मे महिन्यात गच्ची नुसती तापते.

सध्या वर एक मोठा कढीपत्ता आहे (तो सासूबाईंचा, रोजच्या फोडणीला त्याचीच पानं लागतात), तुळशीच्या दोन कुंड्या, कोरफड आणि एका जुन्या टबात पुदिना. आठ-दहा रिकाम्या कुंड्या आणि एक लांबट वाफा हाताशी आहे. पाऊस नुकताच सुरू झालाय, म्हणून आत्ताच विचारते.

लेक तिसरीत आहे. शाळेत राज्याची मानचिन्हं शिकवताना शेकरू, हरियाल, ताम्हण यांच्या जोडीने नीलवंत फुलपाखराचं चित्र दाखवलं. तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे की आपल्याकडे फुलपाखरं का येत नाहीत. तशी येतात अधूनमधून, पांढरी-पिवळी, पण कठड्यावरून निघून जातात, थांबत नाहीत.

मी बरेच व्हिडिओ बघितले. सगळीकडे तीच यादी: लॅव्हेंडर, थाइम, ओरेगॅनो, बी बाम, इचिनेशिया, शेपू आणि बडीशेप. शेपू-बडीशेपेवर फुलपाखरं हमखास अंडी घालतात असं एकजात सगळे सांगतात. मला नुसती शोभेची फुलझाडं नकोत. घरात उपयोगी पडतील, औषधी असतील आणि फुलंही येतील अशी झाडं हवीत. ही यादी आपल्या हवेत चालेल का? की आपली म्हणून वेगळी झाडं आहेत? लॅव्हेंडर इथल्या पावसात टिकतं का, तेही सांगा.

आणि द्राक्षबागेत फवारणी चालू असते, त्याचं काय करायचं?

---

सोनकी

ताई, मी पुण्यात तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर बाग करते. लॅव्हेंडरवर पैसे घालवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याची मुळं कुजतात. ज्यांचं टिकतं ते आडोशाला ठेवून, वाळू-खडी जास्त घालून टिकवतात, आणि तरी फुलं जेमतेम येतात.

फुलांसाठी पेंटास, झिनिया आणि पेंडगुळ लावा. पेंटास तर बारा महिने फुलतो. झिनिया आणि झेंडू घेताना एकेरी पाकळ्यांचे घ्या. गच्च भरलेल्या गोंड्यात फुलपाखराची सोंड मधापर्यंत पोचत नाही. एकाच जातीच्या तीन-चार कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर लांबून दिसतात. एकेक कुंडी चार कोपऱ्यांत ठेवण्यात अर्थ नाही.

औषधी झाडांचं मला फारसं कळत नाही. इथे दगडीपाला म्हणून एक दादा आहेत, ते बघतील धागा.

---

दगडीपाला

ताई, धागा आत्ता बघितला. मी सांगलीकडचा. एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानात माळीकाम बघतो. विद्यार्थ्यांना ओळखता यावीत म्हणून आमच्याकडे औषधी झाडं लावलेली आहेत, फुलपाखरांसाठी म्हणून एकही लावलेलं नाही. पण पावसाळा संपता संपता आमच्या वाफ्यांवर जेवढी फुलपाखरं असतात तेवढी शेजारच्या गुलाबाच्या बागेत नसतात. ह्याचं कारण समजून घ्या, म्हणजे यादी आपोआप तयार होईल.

फुलातला मध काय, फुलपाखरू कुठेही पितं. पण अंडी कुठेही घालत नाही. प्रत्येक जातीच्या अळीची खायची झाडं ठरलेली असतात, कुणाची दोन-चार, कुणाचं एखादंच कुळ. मादी पानावर बसते, पुढच्या पायांनी पान ठोकून त्याची चव घेते, आणि पटलं तरच अंडं ठेवून उडते. तुमच्याकडची पांढरी-पिवळी थांबत नाहीत, कारण त्यांच्या पोराबाळांच्या पोटापाण्याचं गच्चीवर काही नाही. फुलं लावलीत तर पाहुणे येतील. पाला लावलात तर मुक्कामाला येतील. आणि हा पाला बहुतेक आपल्या औषधी झाडांचाच असतो.

सुरुवात तुमच्या घरात आहे त्यापासूनच करू. कढीपत्ता. लिंबू, बेल, कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं. कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय ही दोन मोठी फुलपाखरं ह्याच्यावर वाढतात, आणि दोन्ही शहरात भरपूर आहेत. पावसाच्या दोन-चार सरी झाल्या, कढीपत्त्याला नवी तांबूस-पोपटी पालवी फुटली, की रोज सकाळी कोवळ्या पानांची खालची-वरची बाजू बघा. एकटं, गोल, फिकट पिवळं अंडं दिसेल, मोहरीच्या दाण्यापेक्षा जरा लहान. तीन-चार दिवसांत अळी निघते. पहिल्यांदा ती तपकिरी-पांढरी असते, हुबेहूब पक्ष्याची शीट पडल्यासारखी, म्हणून चिमणी-बुलबुल तिच्याकडे बघत नाहीत. शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. लेकीला हा बदल दाखवाच. त्या वेळी काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी किंवा लाल रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो वास मुंग्या-कोळ्यांना पळवायला असतो, माणसाला त्याने काही होत नाही.

सासूबाईंच्या फोडणीचं काय, तर दुसरा कढीपत्ता लावा. मोठ्या झाडाखाली मुळांतून फुटवे येतात, त्यातलाच एक मुळासकट काढून वेगळ्या कुंडीत लावला की झालं. एक झाड घरच्यांचं, त्यावर जुनी मच्छरदाणी टाका. दुसरं अळ्यांचं. अळ्यांनी फांदी बोडकी केली तरी कढीपत्ता मरत नाही, उलट खालून फुटतो आणि घनदाट होतो. घरच्या झाडावर अळी सापडली तर पानासकट उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायची, तिला चिमटीत धरायचं नाही.

दुसरं, पानफुटी. तुमच्या तापत्या गच्चीला ह्याच्यासारखं झाड नाही, पाणी विसरलात तरी तग धरतं. नुसतं पान मातीवर टाकलं तरी त्याच्या कडेच्या खाचांतून रोपं उभी राहतात. ह्यावर रेड पिएरो नावाचं लहानसं फुलपाखरू येतं, खालून पांढरं, काळे ठिपके आणि मागच्या पंखावर शेंदरी पट्टा. ह्याची अळी पानाच्या आत शिरते. वरचा पापुद्रा तसाच, खालचाही तसाच, आणि मधला गर खात पुढे सरकते. पान उजेडाकडे धरलं तर आतली अळी सावलीसारखी हलताना दिसते. लोक काय करतात, पान पांढरट पडलं, रोग आला म्हणून खुडून टाकतात. ते करू नका. दोन-तीन मोठ्या कुंड्या फक्त पानफुटीच्या करा, म्हणजे खायला कमी पडणार नाही.

तिसरं, माझ्या सगळ्यात जवळचं, चित्रक. पांढऱ्या फुलांचा, औषधी तो. पाऊस ओसरायला लागला की फुलायला लागतो आणि हिवाळाभर फुलत राहतो. कळीच्या देठाकडच्या हिरव्या भागावर चिकट केस असतात, हात लावलात तर बोटाला चिकटतात. झेब्रा ब्लू नावाचं एवढंसं फुलपाखरू ह्या कळ्यांमध्ये अंडी घालतं. पंख मिटले की खालच्या बाजूने झेब्र्यासारखे तपकिरी-पांढरे पट्टे, उघडले की जांभळट निळं. दुपारी अकराच्या सुमाराला आमच्या चित्रकाच्या वाफ्यापाशी उभं राहिलं तर ही सारखी वर-खाली होत असतात. अळ्या कळ्यांच्या रंगाच्या असतात, नुसत्या बघून सापडत नाहीत. मुंग्या कुठे घुटमळताहेत ते बघायचं. ह्या अळ्यांच्या अंगातून गोड रस पाझरतो, तो प्यायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात राखणही करतात. नर्सरीत निळ्या फुलांचा चित्रक मिळतो, शोभेचा, त्यावरही हे फुलपाखरू येतं. पण तुम्हाला औषधी हवा आहे तर पांढराच घ्या. एक सांगून ठेवतो. चित्रकाच्या मुळाने कातडीवर फोड येतात. कुंडी बदलताना हातमोजे घाला, लेकीला मुळाला हात लावू देऊ नका आणि घरच्या घरी त्याचं औषध करू नका. वैद्य तो शुद्ध करून वापरतात.

हळदीकुंकू लावा एका कुंडीत. लाल-पिवळी फुलं येतात ते. मूळचं अमेरिकेकडचं आहे, पण रुईच्या कुळातलं, म्हणून आपलं प्लेन टायगर फुलपाखरू त्यावर आनंदाने अंडी घालतं. रुई कुंडीत मावत नाही, त्यापेक्षा हे सोयीचं. अळी पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या मिशांच्या तीन जोड्या. लपत नाही, उघड्यावर बसून खाते, कारण चिकाचं विष तिच्या अंगात साठतं आणि पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. ह्या झाडावर पिवळा मावा हटकून येतो. त्याला फवारायचं काही नाही. पाण्याची बारीक धार मारायची, किंवा तसाच ठेवायचा, चार दिवसांत ढालकिडे येऊन फडशा पाडतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, डोळ्याला फार वाईट.

एका पसरट कुंडीत घोळ वाढू द्या, आपली भाजीची. निम्मी भाजीला, निम्मी ठेवायची. डॅनेड एगफ्लाय घोळीवर अंडी घालतं. त्याचा नर मखमली काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्यांच्या कडेला जांभळी झाक. मादी मात्र अगदी प्लेन टायगरसारखी दिसते. ती स्वतः विषारी नाही, पण पक्ष्यांना वाटतं ही कडू आहे, आणि ती वाचते. हळदीकुंकू आणि घोळ शेजारी ठेवलीत तर दोन्ही एकाच गच्चीवर बघायला मिळण्याचा संभव आहे.

तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका. झाड वाढावं म्हणून खुडतो ते बरोबर आहे, पण एका कुंडीच्या खुडा आणि दुसरीच्या फुलू द्या. छोटी निळी फुलपाखरं आणि मधमाश्या दोघांचं भागतं. पुदिनाही एका कोपऱ्यात फुलावर येऊ द्या.

आणि वाफ्यात किंवा कुंडीत आपोआप एकदांडी उगवली, जिला आमच्याकडे दगडी पाला म्हणतात, ती उपटू नका. एवढंसं पांढरं-पिवळं फूल, पण लहान फुलपाखरांची ती खानावळ आहे. हिवाळ्यात दुसरं काही फुललेलं नसताना ही फुललेली असते.

घाणेरी मात्र कुणी कितीही सांगितलं तरी लावू नका. फुलपाखरं येतात हे खरं. पण बिया पक्षी नेतात आणि डोंगरच्या डोंगर तिने खाऊन टाकलेत.

फवारणीचं नंतर सविस्तर लिहितो, आत्ता कामावर निघालोय.

---

एडिसनकर

गोदाकाठचीताई, तुमच्या यादीचा उगम आमच्या अंगणात आहे, म्हणून लिहितो. मी न्यू जर्सीत राहतो. इथे ब्लॅक स्वॅलोटेल नावाचं फुलपाखरू आहे, ते ह्या राज्याचं अधिकृत फुलपाखरूही आहे, आणि ते शेपू, बडीशेप, पार्सली, गाजराचा पाला ह्यांसारख्या झाडांवर अंडी घालतं. मी आईच्या सांगण्यावरून परसात शेपू पेरला तो भाजीसाठी. जुलैत बघतो तर प्रत्येक जुडीला हिरव्या अंगावर काळे पट्टे आणि पट्ट्यांत पिवळे ठिपके असलेल्या अळ्या. तेव्हापासून दोन ओळी आमच्या, दोन त्यांच्या. इथले सगळे बागकामवाले व्हिडिओ ह्याच अनुभवावरून शेपू-बडीशेप सुचवतात आणि इथे ते शंभर टक्के खरं आहे. बी बाम आणि इचिनेशियासुद्धा मुळात ह्याच खंडातली रानफुलं आहेत, त्यामुळे इथल्या फुलपाखरांची त्यांच्याशी जुनी ओळख.

नाशिकमध्ये शेपूवर वाढणारं असं फुलपाखरू नाही. भारतात त्याचा भाऊबंद आहे तो हिमालयात. तेव्हा तुम्ही शेपू जरूर पेरा, फुलावर आला की मधमाश्यांचा मेळा भरेल, पण अंड्यांची वाट बघत बसू नका. दगडीपाला दादांनी सांगितलेला कढीपत्ता हा तुमचा शेपू समजा.

इथून एक सवय मात्र घेण्यासारखी आहे. आमच्याकडे थंडीत हे फुलपाखरू कोशातच राहतं, वाळक्या काडीला चिकटून, बर्फ पडून जाईपर्यंत. म्हणून आम्ही थंडीआधी वाळलेली झुडपं कापत नाही. तुम्हीही गच्ची झाडताना वाळक्या फांद्या, कुंडीच्या कडा, कठड्याच्या आतली बाजू नीट बघून मगच साफ करा.

---

गोदाकाठची

किती छान लिहिलंय सगळ्यांनी! दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. मच्छरदाणीची कल्पना त्यांना एकदम पसंत पडली, आणि फुटवा काढून द्यायला त्या स्वतःच तयार झाल्या.

आता पुढचे प्रश्न. अळ्यांना हात लागला तर अंगाला खाज सुटते ना? लेक हात लावल्याशिवाय राहणार नाही, म्हणून विचारते. ईश्वरीची वेल लावली की फुलपाखरं येतात असं कुणीतरी सांगितलं, ती लावू का? आणि नीलवंत खरंच येऊ शकेल का आमच्याकडे? तिला काय उत्तर देऊ?

---

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणजवळची. हळदीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मागच्या दारी आमच्याकडे हळद असतेच, श्रावणात पातोळ्यांना पानं लागतात. ह्या पानांवर ग्रास डेमन नावाच्या फुलपाखराच्या अळ्या असतात. पानाची कड दुमडून सुरळी केलेली दिसते, रेशमाच्या धाग्याने टाके घातल्यासारखी शिवलेली. हळूच उलगडलं तर आत काळ्या डोक्याची, हिरवट, काचेसारखी अळी. आल्यावर आणि सोनटक्क्यावरही हीच. मोठं झालं की काळपट तपकिरी फुलपाखरू, पंखावर ठळक पांढरा डाग, सावलीत आणि उतरत्या उन्हात फिरणारं.

हळद कुंडीत उत्तम होते, गोणीत लावली तर आणखी चांगली. आत्ता जूनमध्ये गड्डे लावून टाका. कडक उन्हात पानं करपतात, म्हणून कठड्याच्या सावलीत ठेवा. आमच्या घरी नियम आहे, सुरळी झालेलं पान पातोळ्यांसाठी काढायचं नाही. सपाट पानं भरपूर असतात. दिवाळीनंतर पानं वाळली की खाली ओली हळद मिळते, ती वेगळीच.

---

दगडीपाला

वाशिष्ठीकाठ ताईंनी हळदीचं बरं आठवण करून दिलं. सोनटक्का तर फुलासाठीही लावावा असा.

आता राहिलेलं एकेक.

खाजेचं. आत्तापर्यंत इथे सांगितलेल्या कुठल्याच अळीने अंगाला काही होत नाही. खाज सुटते ती केसाळ सुरवंटांनी, आणि ते बहुतेक पतंगांचे असतात. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात झुंडीने बसतात ते घुले बघितलेच असतील. लेकीला एकच नियम शिकवा, केस दिसले की हात मागे. गुळगुळीत अळीला सुद्धा बोटाने उचलू नये, तिच्या पायांची पकड घट्ट असते, ओढलं तर ती जखमी होते. आणि कोशातून नुकतंच निघालेलं फुलपाखरू पंख वाळवत लटकलेलं असतं, त्याला तर अजिबात हात नको. त्या वेळी पंख दुमडला तर तो तसाच राहतो.

कोश झाडावरच सापडेल असं नाही. अळी पोट भरलं की झाड सोडून चालायला लागते आणि कठड्यावर, दोरीवर, खराट्याच्या काडीवर कुठेही जाऊन बसते. कॉमन मॉरमॉनचा कोश कमरेला धाग्याचा फास लावून तिरका टेकलेला असतो. हिरव्या काडीवर असेल तर हिरवा, वाळक्या लाकडावर असेल तर तपकिरी. कुंड्यांमध्ये चार-दोन वाळक्या काटक्या रोवून ठेवा, म्हणजे ती लांब जाणार नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत पावसाळ्यात साधारण महिना धरा. सगळ्या अळ्या जगणार नाहीत हेही लेकीला आधीच सांगा. गांधीलमाश्या नेतात, शिंपी पक्षी नेतो, काहींच्या अंगात बारीक माश्या अंडी घालतात. त्यांचीही पोरं त्यावरच जगतात. काही मोजक्या अळ्या वाचतात आणि तेवढ्या पुरतात.

ईश्वरीचं. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही दोन्ही फुलपाखरं ईश्वरी आणि तिच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात, दुसरं काही खात नाहीत. काळी, लांब शेपटीची, अंग लालभडक. आमच्या बागेत वेल आहे आणि तिच्यावर अळ्याही असतात, काळपट लाल, अंगावर मऊ काट्यांसारखे उंचवटे. वेल लावायला माझी ना नाही, गच्चीवर कमानीला चढवता येईल. पण ती निव्वळ फुलपाखरांची समजून लावा. ईश्वरीच्या कुळातल्या झाडांत असं द्रव्य असतं की त्याने माणसाच्या मूत्रपिंडाला कायमची इजा होते. जुनी माणसं साप-विंचवावर सांगतात म्हणून कुणी घरात तिचा काढा करू नये. तुम्ही म्हणालात घरात उपयोगी पडेल असं हवं, म्हणून हे मुद्दाम ठळक सांगतोय. आणि जंगलातून उपटून आणलेली वेल विकत घेऊ नका. ती तिथेच कमी होत चालली आहे. बियांपासून रोप केलेली नर्सरी असेल तिथूनच घ्या.

तिच्याऐवजी किंवा तिच्या जोडीने उपळसरी लावा. मुळांना सुंदर वास, सरबत होतं, म्हणजे तुमची घरगुती उपयोगाची अटही पुरी होते. कॉमन क्रो तिच्यावर अंडी घालतं. त्याचा कोश चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत असतो, आजूबाजूची पानं त्यात दिसतात. वाढ सावकाश आहे, धीर धरावा लागतो. मुळं काढायची घाई करू नका.

जागा उरली तर वाफ्याच्या टोकाला खुळखुळा टाका. पिवळी फुलं, आणि शेंगा वाळल्या की वाजतात. वाळायला लागलेल्या खुळखुळ्यावर ब्लू टायगर, प्लेन टायगर, कॉमन क्रो यांचे नर जमतात आणि पायांनी खरवडून त्यातला रस घेतात. तो त्यांना मध म्हणून नको असतो. त्यातल्या द्रव्यापासून ते मादीला बोलवायचा गंध तयार करतात. तेव्हा वाळलं म्हणून झाड उपटू नका, खरी गर्दी वाळल्यावरच असते. गाई-गुरांच्या तोंडी मात्र जाऊ देऊ नका.

आता फवारणी. तुमच्या बाजूला ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्यांचा जोर सुरू होतो. त्याला तुम्ही काही करू शकत नाही, शेतकऱ्याचं पोट आहे. म्हणून पाल्याची सगळी झाडं, म्हणजे कढीपत्ता, पानफुटी, चित्रक, हळदीकुंकू, पूर्वेच्या कठड्याला ठेवा. पश्चिमेच्या कठड्याला शेडनेट उभं बांधा, वाराही अडेल. वाऱ्यात फुलपाखरू बसत नाही, त्यामुळे तो आडोसा तसाही हवाच होता. शेजारचे ओळखीचे असतील तर फवारणीच्या आदल्या दिवशी सांगा म्हणावं, त्या दिवशी अळ्यांच्या कुंड्या जिन्यात आणून ठेवायच्या. जुलै ते सप्टेंबर हे तुमचे हक्काचे महिने, त्यात जास्तीत जास्त पिढ्या निघून जाऊ द्यात.

घरात मात्र काहीच फवारायचं नाही. निंबोळी अर्कही नाही. जैविक आहे, विषारी नाही, असं दुकानदार सांगतात, पण कढीपत्त्यावर निंबोळी मारली तर अळी खायचं सोडते आणि मरते. बीटी म्हणून जिवाणूंचं औषध मिळतं, तेही सेंद्रियच, आणि ते तर खास अळ्या मारायलाच असतं. नर्सरीतून आणलेल्या रोपांवर आधीची फवारणी असू शकते, मुळांतून दिलेलं औषध पानात बरेच दिवस राहतं. म्हणून जमेल तिथे ओळखीच्यांकडून फाटे आणा. चित्रकाची, हळदीकुंकवाची काडी ह्या पावसात सहज लागते. नर्सरीचं रोप आणलंच तर जुनी पानं गळून नवी पालवी येईपर्यंत त्यावर अळी सोडू नका.

एक मातीचं पसरट परळ घ्या, त्यात माती, थोडं शेणखत आणि चिमटीभर मीठ कालवून चिखल ओला ठेवा, उन्हात. नर फुलपाखरं त्यातले क्षार शोषायला बसतात. पाणी साचू देऊ नका, डास होतील. नुसता ओलावा हवा.

शेवटी नीलवंत. २०१५ मध्ये आपल्या राज्याने त्याला मानचिन्ह केलं, असं करणारं आपलं पहिलं राज्य. त्याची अळीही लिंबाच्या कुळातलीच झाडं खाते, लिंबू, पपनस, ईडलिंबू आणि रानातलं माकडलिंबू. पण त्याला दाट झाडी आणि दमट हवा आवडते, सह्याद्रीचा पट्टा हे त्याचं खरं घर. मखमलाबादच्या उघड्या गच्चीवर येईल असं मी लेकीला वचन देणार नाही. तिला कॉमन मॉरमॉन दाखवा, तो नीलवंताचा सख्खा भाऊबंद आहे. आणि नीलवंत बघायचाच असेल तर पावसाळा संपताना आंबोली-पारपोलीकडे घेऊन जा, किंवा मुंबईकडे जाणं झालं तर ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडी आहे, तिथे फुलपाखरांची बाग फिरवून दाखवतात. सकाळी ऊन चढल्यावर जायचं, नऊ ते अकरा. ढगाळ दिवशी जाऊ नका.

चित्रकाच्या काड्या नाशिकमध्ये नाही मिळाल्या तर एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या बागेत विचारा. माळीबुवांना भेटा, कार्यालयात नको. ह्या दिवसांत छाटणी चालू असते, काड्या अशाच टाकून दिलेल्या असतात. पेराला कापलेली, पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळे असलेली काडी घ्या, दोन डोळे मातीत, आणि पहिले पंधरा दिवस सावलीत.